बेटावरचा जबाब

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मी एक तपास केला. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, कुठल्या ठाण्याच्या डायरीत त्याची नोंद नाही. तरीही बत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या सगळ्या तपासांपेक्षा तोच मला रोज आठवतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी अधूनमधून जुन्या केसेस सांगतो. खून कसा उघडकीला आला, दरोड्यातला फरारी आरोपी कोणाच्या लग्नात सापडला, अशा. लोक आवडीने ऐकतात. त्या सगळ्या गोष्टींत मी हुशार असतो. ही गोष्ट तिथे कधी सांगितली नाही. इथे कोणाचं नाव देत नाही, बेटाचंही नाही. माझा वाटा मात्र झाकून ठेवणार नाही.

माझी मुलगी आणि जावई सौदीत दम्मामला असतात. जावई तेलक्षेत्रातली कामं घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. नात नऊ वर्षांची, तिथल्या भारतीय शाळेत चौथीत. माझी बायको गेल्यावर मुलीने आग्रह केला, म्हणून मी तीन महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे गेलो. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं. दुपारी अडीचला नात शाळेतून यायची. तिला वाढणं आणि आई कामावरून येईपर्यंत सांभाळणं, एवढंच माझं काम. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं, आणि राग आला की इंग्रजीत.

पहिल्याच महिन्यात एक प्रकार घडला. दूध गॅसवर ठेवून मी खुर्चीत बसलो आणि माझा डोळा लागला. पातेलं जळून काळं झालं, घरभर धूर. तेवढ्यात शाळेतून आलेल्या नातीने गॅस बंद केला. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, हिला तुमच्या भरवशावर ठेवायची की नाही, तेवढं मला स्पष्ट सांगा." तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. रक्तदाबाच्या नव्या गोळीने मला दुपारी गुंगी येते हे मला ठाऊक होतं. मी ते तिला सांगितलं नाही. ड्युटीवर झोपलेल्या किती शिपायांना मी मेमो दिले होते. मी स्वतः कोणत्या तोंडाने कबूल करणार? "एकदा झालं, पुन्हा नाही होणार," एवढंच म्हणालो. नात दारात उभी राहून ऐकत होती.

नोव्हेंबरात उन्हाचा ताव उतरला, तशी समुद्रावर जायची टूम निघाली. किनाऱ्यापासून बोटीने तासाभरावर एक बेट आहे. नुसती वाळू आणि शिंपले, झाडाची सावली नाही, वस्ती नाही. आजूबाजूला पाणी इतकं नितळ की बोटीतून तळाची प्रवाळं दिसतात. तोंडावर काचेचा मास्क लावायचा, दातांत श्वासाची नळी धरायची, आणि पाण्यावर पालथं पडून मासे बघायचे. स्नॉर्कलिंग. शेजारच्या फ्लॅटमधलं एक मराठी कुटुंब बरोबर येणार होतं, नवरा-बायको आणि त्यांचं दोन वर्षांचं मूल.

आमच्यात पोहणारं धड कोणी नव्हतं. म्हणून जावयाने त्याच्या साइटवरच्या एका पाइप फिटरला सोबत घेतलं. हा गृहस्थ चाळिशीचा, दाभोळच्या खाडीकाठचा, चौदा वर्षं सौदीत. बायको-मुलं गावी, स्वतः कंपनीच्या कॅम्पमध्ये. त्याला मी फिटरच म्हणेन. शुक्रवारची सुट्टी सोडून तो आनंदाने आला. येताना मित्रांकडून मुलांच्या मापाचा मास्क मागून घेऊन आला.

सकाळी धक्क्यावर कोस्ट गार्डच्या चौकीत सगळ्यांचे इकामे, म्हणजे तिथले रहिवासी परवाने, तपासले, माझा पासपोर्ट पाहिला. बोटीत किती माणसं, कोण कोण, याची यादी झाली. यादी नीट केली की मला बरं वाटतं. बोटीचा नाखवा बांगलादेशी होता, हिंदी बोलायचा. तासाभराने बेट आलं. फिटरने आधी उथळ पाण्यात उतरून मुलीला, जावयाला, शेजाऱ्यांना एकेक करून शिकवलं. नातीला म्हणाला, "नाकाने नाय श्वास घ्यायचा. तोंडाने. घाई केलीस की पाणी गेलंच समज." नात दहा मिनिटांत शिकली. पोटाखाली त्याचा तळहात होता तोवर ती भीत नव्हती. त्याने हात कधी काढला ते तिला कळलंही नाही. वर येऊन ओरडली, "आजोबा, ब्लू वाला फिश!"

तेव्हा मला तो माणूस आवडला होता, हे लिहायला हवं.

जेवणं झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर थंड लबन, म्हणजे तिकडचं ताक. मग मुलगी, जावई आणि शेजारी लाइफ जॅकेट घालून नाखव्याबरोबर बोटीने पलीकडच्या खोल प्रवाळाकडे निघाले. शेजारीण बाई बाळाला घेऊन आम्ही सावलीसाठी लावलेल्या तंबूत आडवी झाली. फिटर भांडी घासायला बेटाच्या टोकाकडे गेला. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, हिला पाण्यात जाऊ द्यायचं नाही हं. वाळूत खेळू दे. बघाल ना?"

"मी पाच-पाच हजारांचे मोर्चे सांभाळलेत," मी म्हणालो.

घडीच्या खुर्चीत, डोक्यावर टोपी, समोर नात वाळूचा किल्ला करतेय. दुपारची गोळी मी जेवणाबरोबरच घेतली होती.

डोळे उघडले तेव्हा किल्ला होता, नात नव्हती. उठून उभा राहतोय तोच वाळूच्या टेकाडामागून फिटर येताना दिसला. त्याच्यामागे नात. तिच्या अंगाभोवती त्याचा शर्ट गुंडाळलेला, केस ओले, तोंड पांढरं. दंडावर लाल वळ होते, चार बोटांचे. ती माझ्याकडे न बघता तंबूत गेली आणि कापडी भिंतीकडे तोंड करून पडली.

"काय झालं गं?"

"नथिंग, आजोबा."

फिटरला विचारलं. "काही नाय साहेब. पाण्यात खेळत होती," असं म्हणून तो पुन्हा भांड्यांकडे गेला. माझ्या नजरेला नजर दिली नाही.

मी किती वेळ झोपलो होतो? घड्याळ बघायचं मी टाळलं. डोळा लागला असेल पाच मिनिटं, असं मनाशी ठरवून टाकलं.

थोड्या वेळाने शेजारीण बाई तंबूतून उठून माझ्याशेजारी येऊन बसली. आवाज उगाच खाली. खबर देणारं माणूस कसं बसतं ते मी ओळखतो. तोंड एकीकडे, बोलणं दुसरीकडे.

"काका, सांगावं की नाही कळत नाही. मघाशी बाळ चुळबुळलं म्हणून बाहेर डोकावले. त्याने तिला उचलून टेकाडापलीकडे नेलं. आधी इकडे तंबूकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि मग नेलं. बराच वेळ तिकडेच होते दोघं. हवं तर मी चुकीची असेन. पण माझं नाव घेऊ नका."

तिने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. मी काय करत होतो, हे तिने विचारलं नाही. टोपी डोळ्यांवर होती, तिला कदाचित कळलंही नसेल.

माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. परका, एकटा राहणारा पुरुष. आडोसा. इकडेतिकडे बघणं. दंडावरचे वळ. गप्प झालेलं मूल. असे गुन्हे मी तपासले होते आणि असंच चित्र प्रत्येक वेळी असायचं. सकाळी तिच्या पोटाखाली धरलेला त्याचा तळहातही मला आता वेगळा दिसायला लागला.

बोट परत आली. मुलीने वळ पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. नातीला विचारून विचारून थकली. पोर ओठ घट्ट मिटून होती. मग मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही होतात ना इथे?"

"इथेच होतो," मी म्हणालो.

खोटं बोललो असं तेव्हा वाटलं नाही. मी इथेच तर होतो.

जावयाला आणि शेजाऱ्याला बाजूला घेऊन बाईने सांगितलेलं सांगितलं, तिचं नाव न घेता. जावई तडक फिटरकडे निघाला. मी म्हणालो, "तू काही बोलू नकोस. हे माझ्यावर सोड." त्या वाक्याने मला किती बळ आलं, ते सांगायची आज लाज वाटते. दोन महिने मी घरात भाजी निवडत होतो. आता पुन्हा कोणीतरी माझ्याकडे आशेने बघत होतं.

फिटरला वाळूवर उकिडवं बसवलं, ऊन डोळ्यांवर येईल असं. मी उभा. जागा कशी निवडायची ते हातापायांना पाठ असतं.

"काय झालं मुलीला?"

"काही नाय. खेळत होती पाण्यात."

"हाताला काय लागलं?"

"दगडावर घसरली."

"मघाशी खेळत होती म्हणालास. आता घसरली?"

"खेळताना घसरली."

"तुमच्याकडच्या दगडांना चार बोटं असतात का?"

त्याने पायावरची ओली वाळू झटकली.

"टेकाडामागे का नेलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "साहेब, जरा बाजूला चला. तुम्हाला एकट्याला सांगतो."

नोकरीत हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय. संशयित एकट्याला सांगतो म्हणाला की तो पाय धरायला, नाहीतर सौदा करायला बघतोय, असा माझा ठाम समज होता. "जे सांगायचं ते इथेच, सगळ्यांसमोर," मी म्हणालो.

"मग नाय सांगत. पण मी काही वाईट केलं नाय. पोरीला विचारा."

"पोरगी बोलत नाही. का बोलत नाही? काय धमकी दिलीस तिला?"

"धमकी कशाला देईन? तिनेच..." एवढं बोलून तो थांबला आणि मान खाली घातली.

मी त्याचा फोन मागून घेतला. त्यात सकाळी बोटीत काढलेला नातीचा फोटो होता. तो मुलीनेच त्याला काढायला सांगितला होता, हे मला आठवत होतं. तरी मी तो जावयाला पुराव्यासारखा दाखवला. आणि मग पुन्हा एकदा विचारून उत्तर आलं नाही, तेव्हा मी त्याच्या कानाखाली मारली.

जावयाने माझा हात धरला. "बाबा, हा आपला देश नाही." नाखवा बोटीतून धावत आला. "साब, मारो मत. इधर पुलिस आएगा तो सबको बिठाके रखेगा." फिटर उठला नाही. गालाला हातही लावला नाही. वाळूत उकिडवा बसून राहिला आणि एकदाच तंबूच्या दिशेने पाहिलं. मला वाटलं, दोषी माणूस साक्षीदाराकडे बघतो तसं.

परतीच्या बोटीत तो पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसला. मुलगी आणि शेजारीण एकमेकींना धरून. नात माझ्या मांडीवर टॉवेलमध्ये. मधूनमधून खोकत होती. इंजिनाच्या आवाजात मागे काही ऐकू जाणार नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकलो. "बाळा, मी पोलीस आहे ना? मला सांग. त्याने काय केलं?"

ती बराच वेळ माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळली. मग म्हणाली, "आजोबा, अंकल को क्यों मारा?"

"आधी तू सांग."

"मम्मा को मत बताना. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"यू वेअर स्लीपिंग, आजोबा."

मग तिने सगळं सांगितलं. मी झोपलोय हे बघून ती मास्क लावून पाण्यात उतरली होती. मला उठवल्यावर दाखवायला एक मोठा शिंपला हवा होता. टोकाकडे पाण्याला ओढ होती. पाय सुटले, मास्कमध्ये पाणी शिरलं, ओरडायला तोंड उघडलं तर तेही भरलं. फिटर भांडी टाकून धावला. दंडाला धरून तिला ओढून आणलं. तिने विनवलं, आजोबांना मम्मा रागावेल, दुधाच्या वेळी रागावली होती तशी, कोणाला सांगू नका. तो म्हणाला, नाय सांगत. म्हणून तंबूतून कोणाला दिसू नये अशा बेताने तिला टेकाडामागे नेलं. तिथे पालथी धरून पाणी काढलं, श्वास नीट लागेपर्यंत पाठ चोळत बसला.

"ही केप्ट द प्रॉमिस," ती म्हणाली. "फिर भी आपने मारा."

माझ्यासमोर पंधरा फुटांवर त्याची पाठ होती. मला फक्त उठायचं होतं. बोटीत आम्ही मोजके लोक. दोन वाक्यं पुरली असती. मी उठलो नाही. आता बोललो तर बोटीत रडारड होईल, घरी गेल्यावर शांतपणे सांगू, असं मनात म्हणालो. घरी गेल्यावर म्हणालो, सकाळी सांगू. खरं कारण एकच होतं. मुलीसमोर "मी झोपलो होतो" हे तीन शब्द मला उच्चारायचे नव्हते. तिथे मी कोणीच नव्हतो, आणि त्या दुपारी पुन्हा कोणीतरी झालो होतो.

धक्क्यावर उतरल्यावर फिटर मास्क धुऊन पिशवीत भरत होता. जावयाने त्याला गाडीत घेतलं नाही. तो टॅक्सी शोधत रस्त्याकडे चालत गेला.

शनिवारी जावयाने साइटच्या मुख्य माणसाला फोन केला. पोलिसात जायला तो घाबरत होता. मुलीचं नाव निघेल, चौकश्या होतील. म्हणून एवढंच म्हणाला की या माणसाला माझ्या टीममध्ये नको, कारण विचारू नका. कारण न सांगितलेली गोष्ट फार वेगाने पसरते. तोवर शेजारीण बाईने दोन मैत्रिणींना सावध केलं होतं. दुपारी जावई म्हणाला, "त्याला तिकडे आत वाळवंटात, हाइलच्या साइटवर पाठवतायत." मी समोर बसून चहा पीत होतो. मान हलवली.

नातीला ताप भरला. खोकला वाढला. रविवारी शाळा बुडवून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मल्याळी बाई होत्या. छाती तपासून त्यांनी मुलीला हिंदीत विचारलं, "पानी में गई थी क्या? डूबी थी? नाक-मुँह में पानी गया था?"

"नहीं," मुलगी म्हणाली. "किनारे पे ही थी. पापा साथ थे."

नातीने माझ्याकडे पाहिलं. ती सांगणार नव्हती. नऊ वर्षांची पोर, धाप लागलेली, आणि मला सांभाळून घेत होती. दोन दिवस मी तिच्या छातीत पाणी गेलंय हे जाणून गप्प बसलो होतो.

"डूबी थी," मी म्हणालो. "मैं सो गया था."

मुलगी वळली. मी तिथेच, डॉक्टरांसमोर, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला पाठवलं. फुप्फुसात थोडं पाणी जाऊन जंतुसंसर्ग झाला होता. तीन दिवस दाखल करावं लागलं. त्या म्हणाल्या, अजून उशीर केला असता तर अवघड झालं असतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण मला ते माझ्यासाठीच ऐकू आलं.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर मुलीने एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला कधी कळलं?"

"बोटीत."

ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्यापासून थोडी सरकून बसली. तिच्या आईच्या अंत्यविधीला ती माझा हात धरून उभी होती. आता आमच्यामध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती.

वॉर्डात नात मला म्हणाली, "सॉरी आजोबा." आपण आजारी पडलो म्हणून प्रॉमिस मोडलं, असं तिला वाटत होतं. मी तिला समजावत राहिलो की तू नाही मोडलंस. तिला ते पटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

सोमवारी सकाळी मी दोन कोऱ्या कागदांवर जबाब लिहिला. दुसऱ्यांचे हजारो जबाब लिहिलेत. भाषा आपोआप उतरली. मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर इसमाने माझ्या नातीचा जीव वाचवला. त्या वेळी मी जागेवर झोपलो होतो. मी त्यांच्यावर खोटा व गलिच्छ संशय घेतला. खरी हकीकत त्याच दिवशी कळूनही दोन दिवस गप्प राहिलो. त्यांनी कोणताही गैरप्रकार केलेला नाही. दोन प्रती, दोन्हींवर सही.

जावयाची ड्युटी सुटल्यावर आम्ही कॅम्पवर गेलो. एका खोलीत सहा जण, लोखंडी दुमजली पलंग. फिटर बॅग भरत होता. सकाळच्या बसने त्याला हाइलला निघायचं होतं. खोलीतले बाकीचे उठून उभे राहिले. त्यांच्या उभं राहण्यात मान नव्हता. फिटरने आधी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"दवाखान्यात आहे. बरी होतेय," जावई म्हणाला. "पाणी गेलं होतं छातीत."

तो खाली बसला. "माझी चूक झाली ती. मला वाटलं सगळं निघालं. लगेच सांगायला पायजे होतं." आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते अजून निघालंच नव्हतं, आणि माफी तो मागत होता.

मी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो करून बोललो. माझी चूक झाली, तुम्ही माझ्या नातीला वाचवलंत, मी झोपलो होतो, मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. मग कागद पुढे केला. मनात कुठेतरी वाटत होतं की आता तो म्हणेल, असू द्या साहेब, वडीलधारी माणसं तुम्ही.

त्याने कागद दिव्याखाली धरून सावकाश वाचला. ओठ हलवत, एकेक ओळ. मग म्हणाला, "एक राहिलंय."

"काय?"

"मारलंत ते."

मी खिसा चाचपला. पेन गाडीत राहिलं होतं. वरच्या पलंगावरच्या एकाने त्याचं पेन खाली दिलं. मी दोन्ही प्रतींवर लिहिलं, 'तसेच मी त्यांना चापट मारली.' त्याने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी 'चापट' खोडून 'कानाखाली मारली' असं लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली. मग त्याने एक प्रत घडी करून इकाम्याच्या पाकिटात ठेवली.

जावई म्हणाला, "मी उद्या बोलतो ऑफिसात. बदली रद्द करून घेतो."

"नको साहेब. इथे आता कोणाचं पोर समोर आलं की लोक माझ्याकडे बघतील. हाइलला कोणाला ठाऊक नाय." मग तो माझ्याकडे वळला. "तिथे समुद्र नाय, तेवढंच." माफ केलं असं तो म्हणाला नाही. नाही केलं असंही नाही. बॅगेची चेन लावायला लागला.

शेजारीण बाईला मुलीने जाऊन खरं सांगितलं. "मी तर फक्त दिसलं ते सांगितलं," ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं. दिसलेल्याचा अर्थ लावायचं काम माझं होतं. मी दोन आठवडे आधीच परत आलो. विमानतळावर मुलीने वाकून नमस्कार केला, गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली, डॉक्टर बदला म्हणाली. आता आठवड्याला फोन येतो. नात बोलते. मुलगी तब्येत विचारते.

या केसने मला काय शिकवलं, ते सांगायचं तर असं. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं मी नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचो. ते चूक नाही. फिटर लपवतच होता. पण काय लपवतोय, ते मी त्याला विचारण्याआधीच ठरवून टाकलं होतं, आणि माझी झोप लपवायची गरज मला त्याच्यापेक्षा जास्त होती. तपास करणाऱ्याला स्वतःचंच काही झाकायचं असलं, की त्याला आरोपी फार लवकर सापडतो.

तेव्हापासून मला जुन्या केसेस वेगळ्या आठवतात. एका तालुक्याच्या ठाण्यात असताना घरफोडीत मी एका वाड्यावरच्या गड्याला धरलं होतं. तोही मालकाच्या कुटुंबासमोर म्हणाला होता, साहेब, एकट्याला सांगतो. मी त्याला तिथेच बोलायला लावलं. तो बोलला नाही. अडीच वर्षांनी पुराव्याअभावी सुटला. तेव्हा मी कोर्टाला नावं ठेवली होती.

मागच्या महिन्यात एसटीने त्या गड्याच्या गावी गेलो. घर सापडलं. दारात त्याचा मुलगा होता, तोही आता पन्नाशीचा. वडील जाऊन सहा वर्षं झाली म्हणाला. मी कोण ते सांगितलं. त्याने बसायला सांगितलं नाही.

"काय काम होतं?" त्याने विचारलं.

"त्यांना मला काही सांगायचं होतं," मी म्हणालो. "ते ऐकायला आलो होतो."